‘यांच्या दुधात भेसळ आहे’ या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, रात्री दवाखाना गाठावा लागला, हे वाचून आम्हा नवराबायकोला फार वाईट वाटलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. आता बाळ बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

पण ‘बेकरीतला दुधाचा केक तो नेहमी खातो, काही होत नाही, म्हणजे यांच्याच दुधात भेसळ’ हे काही केल्या पचत नाही. पहाटे गोठ्यावरून आलेला प्रत्येक कॅन लॅक्टोमीटर आणि फॅट मशीन लावूनच आम्ही उतरवून घेतो. कधीही या, तुमच्यासमोर तपासून दाखवतो.

केकचं म्हणाल, तर तो भट्टीत १८० अंशांच्या आसपास अर्धा तास भाजतात. दूध फाटल्यावर निवळीत जी प्रथिनं उतरतात, त्यांची मूळ घडण एवढ्या आचेला मोडते, शिवाय ती मैद्यात अडकतात. म्हणून दुधाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केक चालतो, पेलाभर दूध चालत नाही. घरी दूध उतू जाईपर्यंत तापवलं तरी तेवढा फरक पडत नाही. आणि ज्याचं पनीर होतं ते केसीन तर उकळीलाही दाद देत नाही. आमच्याकडे रतीब असलेल्या बालरोगतज्ज्ञांकडून हे नीट समजून घेऊन लिहितोय.

‘प्रक्रिया न केलेलं म्हणून ॲलर्जी होत नाही, असं सांगून फसवलं’ असंही तुम्ही लिहिलंय. ताई, पाटीवर ‘होमोजिनाईज न केलेलं देशी गाईचं दूध’ एवढंच आहे. होमोजिनाईज केल्याने स्निग्धाचे कण बारीक होतात आणि साय वर येत नाही. ॲलर्जी ज्यांची होते ती प्रथिनं दोन्ही दुधांत असतातच. डेन्मार्कमध्ये १९८८ साली ॲलर्जी असलेल्या काही मुलांना कच्चं, पाश्चराइज केलेलं आणि होमोजिनाईज केलेलं अशी तिन्ही दुधं देऊन पाहिली होती. तिन्हींनी त्रास झाला. पिशवीच्या दुधानेही बाळाला गांधी उठतात, हे तुम्हीच काउंटरवर बोललात. तेव्हा माझी बायको ‘आधी डॉक्टरांना विचारा’ म्हणाली होती. संध्याकाळची गर्दी होती, तुमच्या कानावर पडलं नसेल.

भेसळ हा शब्द आमच्या धंद्यात फार जड आहे हो. तो वाचून दोन जुनी घरं रतीब बंद करायचं म्हणताहेत. तेवढा शब्द काढाल तर उपकार होतील.

आता शेळीचं दूध सुरू करणार असं तुम्ही शेवटी लिहिलंय. कळकळीने सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गाईचं दूध ज्या मुलांना चालत नाही, त्यांतल्या बहुतेकांना शेळीचंही चालत नाही.

ॲलर्जीबद्दल काउंटरवर काहीतरी ठळक लिहून लावायचं बघतो. रतीबाचे उरलेले पैसे बाजूला काढून ठेवलेत, कोणालाही पाठवा.