छोट्या फ्लॅशची बाजू
अंगचा, म्हणजे कॅमेऱ्यातच बसवलेला, फ्लॅश केवळ हौशी कॅमेऱ्यांना शोभतो, असे मत एका लेखात वाचले; ते मला मान्य नाही. निकॉनच्या डी७०० (२००८) आणि डी८१० (२०१४) या व्यावसायिक दर्जाच्या कॅमेऱ्यांत तो होता. डी८५० मध्ये (२०१७) तो काढला गेला, याची मला आजही खंत वाटते. आयएसओ १०० या प्रकाश-संवेदनशीलतेला सुमारे १२ मीटर गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा; त्याला भिंगाच्या छिद्राच्या एफ-आकड्याने भागले की पोहोच मिळते) असलेला हा फ्लॅश एफ/४ ला जेमतेम तीन मीटर पोहोचतो, त्यामुळे मंगल कार्यालयात तो अपुराच पडतो. परंतु साताऱ्याजवळच्या कास पठारावर, पाठीमागून ऊन येत असताना, सोबतच्या माणसाच्या चेहऱ्यावरची सावली उजळण्यासाठी तेवढाच प्रकाश पुरतो, आणि वेगळा फ्लॅश नेमका त्याच दिवशी घरी राहिलेला असतो.