क्रांतीचं पेव

क्रूर राजवट, उपाशी गाव आणि बंड करणारी १२ वर्षांची मुलगी, अशी किशोरांसाठीची कादंबरी हाती लागली आहे आणि सिनेमा सांगली-साताऱ्याकडे उभा करायचाय? उत्तम. कादंबरीची नांगी मोडणं अवघड नसतं, फक्त कामं क्रमाने करावी लागतात.

आधी मुलीचं वय वाढवा. १४ खालचं मूल घेतलं की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, शिवाय मानधनाचे किमान २० टक्के तिच्या नावावर मुदत ठेवीत. एवढा जाच कोण सोसणार! २४ ची नटी घ्या, दोन वेण्या घाला. ‘द गिव्हर’ या किशोर कादंबरीचा नायक पुस्तकात १२ चा होता, २०१४ च्या सिनेमात चांगला मोठा झाला. तुम्ही का मागे राहायचं? वय वाढलं की प्रेमाचा त्रिकोण आपसूक बसतो, आणि राजवट लेकरं मारते ही कटकटही मिटते.

मग तिच्या मनातलं बोलणं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे ३५० पानांची १२० करायची. मुलगी चतकोर भाकरी धाकट्याच्या हातावर ठेवते आणि स्वतः बोटांना लागलेलं कोरडं पीठ चाटते. न बोलता ८ सेकंदांत होतो हा प्रसंग. तो उडवा. त्या जागी व्हॉइसओव्हर टाका: ‘आमच्या गावात भूक होती.’

गावकऱ्यांचे कपडे एकाच ताग्यातून शिवा. कापड कोपराला, गुडघ्याला, खिशाच्या कडेला विरतं हे ड्रेसवाल्याला ठाऊक असतं. तो कपडे चहाच्या पाण्यात बुडवून नेमका तिथेच पॉलिश पेपर घासत बसेल. त्याला तेवढा वेळ देऊ नका.

लोकेशनला मेणवलीचा घाट घेऊ नका, त्याच्या पायऱ्या प्रेक्षकांना नायकापेक्षा जास्त ओळखीच्या आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या, गळीत हंगामात साखर कारखान्याचा भोंगा. राजवट इथे फुकटात उभी राहते, म्हणूनच ती टाळा. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तर बघायलाही जाऊ नका. वर अरुंद तोंड, खाली पोटात अंधार. उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत माणूस उतरवत नसत. २००५ च्या पुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. बंडखोर लपायला याहून भयाण जागा कुठली? तरीही मुंबईत निळ्या ट्यूबलाइटचं भुयार बांधा.

बंडाचंही तसंच. १९४३ पासून याच मुलखात इंग्रजांविरुद्धचं पत्री सरकार चाललं, गावोगावी न्यायनिवाडे झाले. गर्दीतल्या एखाद्याचा आजा त्या सरकारच्या तुफान सेनेत असेलही. त्याला काही विचारू नका, फाइट मास्टर आणा आणि मे महिन्यातल्या उन्हात सगळ्यांना लेदर जॅकेटं घाला. मारामारीत कॅमेरा इतका हलवा की कोण मेलं ते कळता कामा नये. सेन्सॉरचं यूए १३+ प्रमाणपत्र मिळायला तेवढं बरं पडतं.

शेवटचा भाग मात्र दोन सिनेमांत तोडा. ‘डायव्हर्जंट’ या सिनेमालिकेवाल्यांनीही शेवटचं पुस्तक असंच तोडलं होतं. त्यातला पहिला तुकडा २०१६ मध्ये आला, दुसरा आलाच नाही. तेव्हा भाकरीचा तो सीन चुकून शूट झालाच असेल तर हार्ड डिस्कवर जपून ठेवा. दुसऱ्या भागाला पैसे मिळाले नाहीत तर यूट्यूबवर ‘डिलीटेड सीन’ म्हणून टाकता येईल. लोक तेवढाच बघतील.