समासातलं उत्तर

"जागतिक तापमानवाढीबद्दल तुम्ही ऐकलंय का?"

सर्वेक्षणाच्या कामाला लागले तेव्हा शेकडो दारांत उभं राहून मी हा प्रश्न विचारलाय. एका दारात एक आजी होत्या. म्हणाल्या, "नाही गं बाई, आम्हाला काय ठाऊक त्यातलं." मी 'माहीत नाही'वर खूण केली, पुढचे चार प्रश्न आपोआप गळाले, फॉर्म संपला. पेनाला टोपण लावता लावता सहज बोलून गेले, उकाडा फार आहे हो यंदा. आणि आजी सुरू झाल्या. विहीर पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पुरायची आणि आता तळ कधी दिसतो. पाऊस आधी आठ-आठ दिवस रिपरिपायचा, आता तासाभरात सगळं धुऊन नेतो. कुठले पक्षी येईनासे झाले. चांगला अर्धा तास! मी ते पेन्सिलीने समासात लिहून घेतलं. पण समासातलं कुणी संगणकात भरत नाही. आकडेवारीत त्या आजी अजूनही 'माहीत नाही'मध्येच आहेत.

अँथनी लायझरोविट्झ यांचं काम वाचताना दर वेळी त्या आजी आठवतात. हवामानबदलाबद्दल लोकांना नेमकं काय वाटतं, एवढ्याच प्रश्नामागे या अमेरिकन संशोधकाने वीसहून जास्त वर्षं घातली आहेत. ऑरेगन विद्यापीठात पीएचडी करत असताना, 2002-03 मध्ये, त्यांनी अमेरिकाभर सर्वेक्षण केलं. त्यात एक साधा प्रश्न होता: 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हटलं की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? पर्याय नाहीत, चौकटी नाहीत. येईल ते सांगा.

सगळ्यात जास्त लोकांना वितळणारा बर्फ आठवला. काहींनी ओझोनचा थर सांगितला, जो खरं तर वेगळाच विषय. पण उष्णतेने आजारी पडणारी, मरणारी माणसं? ती कुणाच्याच उत्तरात नव्हती. लोकांना काळजी होती, पण ते संकट त्यांच्या लेखी दूर कुठेतरी हिमनद्यांवर कोसळणार होतं. तयार पर्यायांवर खुणा करायला सांगितलं असतं, तर ही पोकळी कधी दिसलीच नसती. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचं बीज इथे आहे.

पुढे येल विद्यापीठात त्यांनी हवामानविषयक संवादाचा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. जॉर्ज मेसन विद्यापीठातले एड मायबाख आणि ते मिळून वर्षानुवर्षं तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले. 2008 च्या सर्वेक्षणातून त्यांनी अमेरिकी समाजाचे सहा गट पाडले. एका टोकाला धास्तावलेले, 18 टक्के. दुसऱ्या टोकाला हे सगळं थोतांड आहे असं मानणारे, 7 टक्के. मधे काळजी करणारे, सावध, अलिप्त, शंकेखोर. सप्टेंबर 2021 मध्ये धास्तावलेले 33 टक्क्यांवर गेले होते. नाकारणारे मात्र दहात एकच्या आसपासच राहिले. आपण तासन् तास वाद घालतो ते नेमके त्या एकाशी. उरलेल्या नऊ जणांना काही विचारावं असं आपल्याला सुचतही नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हाच येलचा गट भारतातही आला. 2021-22 मध्ये त्यांनी सीव्होटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेबरोबर फोनवरून 4,619 भारतीयांना विचारलं. 54 टक्के लोक म्हणाले, तापमानवाढीबद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही. मग थोडक्यात समजावून सांगितलं, की गेल्या दीडशे वर्षांत जगाचं सरासरी तापमान वाढत आलंय आणि त्यामुळे हवामान बदलू शकतं. त्यानंतर विचारलं, असं घडतंय असं वाटतं का? 84 टक्के म्हणाले, हो. 74 टक्के म्हणाले, आम्ही स्वतः अनुभवलंय. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रडू आलं होतं. आजी काही अपवाद नव्हत्या. नाव माहीत नसेल, पण भोग पुरता माहीत होता. आणि त्याच लोकांना आपण सभा-परिषदांतून अडाणी ठरवत आलो.

2024 मध्ये दुसऱ्या एका गटाचा अभ्यास आला. 125 देश, सुमारे 1,30,000 माणसं. तापमानवाढ रोखण्यासाठी आपल्या उत्पन्नातला दर महिन्याला एक टक्का द्यायला 69 टक्के तयार होते. पण तुमच्या देशात असे किती असतील, असं विचारल्यावर आलेला सरासरी अंदाज होता 43 टक्के. म्हणजे आपल्यासारखेच बहुसंख्य लोक अवतीभवती असताना प्रत्येकाला वाटतंय, आपण एकटेच. शेजाऱ्याला कुणी विचारलंय कुठे?

आता प्रश्नावली मीच तयार करते. शेवटच्या पानावर अर्धं पान कोरं ठेवते आणि वर लिहिते: हवेत, पाण्यात, पावसात तुम्हाला काय बदललेलं दिसतं? ते भरून घ्यायला वेळ जातो, टाइप करायला वेगळे पैसे लागतात, आणि दर बैठकीत कुणीतरी म्हणतंच की हे पान काढून टाकू या. मी काढू देत नाही.