छापील जुनेपणा

गाजलेल्या राजकीय भाषणांच्या जुन्या सुलेखित छापील प्रती जमवण्याचा मला छंद आहे, हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी "म्हणजे नक्की काय?" असे विचारतो आणि मी समजावून सांगू लागलो की घड्याळाकडे बघतो.

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, एका ग्रामोफोनच्या कर्ण्याआड, मला लिंकनचे गेटिसबर्गचे भाषण दिसले. वळणदार रोमन अक्षरे, कोपऱ्यांत वेलबुट्टी आणि चहात बुडवून उन्हात वाळवल्यासारखा तपकिरी कागद. वास्तविक मला हवे होते गांधीजींचे 8 ऑगस्ट 1942 चे भाषण. 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र याच शहरात, गोवालिया टँकवर दिला गेला. पण त्याची मनाजोगती सुलेखित प्रत मला इथे आजवर मिळालेली नाही. मिळतो तो लिंकन.

19 नोव्हेंबर 1863 रोजी लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे बोलला. त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट होते आणि ते त्याच्या आधी दोन तास बोलले होते. आमचा दुकानदार एव्हरेटच्या घराण्यातला असावा. तो कागद कोणत्या बंगल्यातून निघाला, त्या बंगल्याच्या वाटण्या कशा झाल्या आणि धाकट्या भावाने काय गमावले, हे सारे ऐकता ऐकता दोन कटिंग संपले. "साब, लिंकन के टाइम का है," असे सांगून त्याने अडीच हजारांचा आकडा उच्चारला.

मी खिशातून भिंग काढले. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या जुन्या छपाईत, अक्षराची रेघ सलग, भरीव उतरते आणि फोटोवरून ऑफसेटवर छापले की बहुधा तीच रेघ ठिपक्यांची होते, एवढे ज्ञान मी पदरचे पैसे घालवून मिळवलेले आहे. भिंगाखाली लिंकनची रांगोळी झालेली होती. त्याहून मौज म्हणजे तो तपकिरी डागही ठिपक्यांचाच होता. जुनेपणसुद्धा छापून घेतलेले! शहाण्या माणसाने तिथून उठायला हवे होते. मी सातशेला घेतले. (फ्रेम सागवानी होती, असे मी घरी सांगितले.)

ग्रँट रोडला बोरिवली स्लोमध्ये मी ती दोन फुटी फ्रेम डोक्यावर धरून शिरलो. "मुलाची डिग्री का?" एका सद्गृहस्थांनी विचारले आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच अभिनंदन करून टाकले. दादरला गर्दीचा लोंढा आत आला तेव्हा त्यांनीच "अरे, सर्टिफिकेट आहे, सांभाळून!" असा पुकारा करून लिंकनला वाचवले, त्यामुळे पुढे खुलासा करणे माझ्याच्याने झाले नाही.

"अहो, आता हे कुठे लावणार?" हिने दारातच विचारले. प्रश्न रास्त होता. कोरड्या भिंती केव्हाच भरल्या होत्या. उरली होती ती पश्चिमेकडची, जिच्यातून दर पावसाळ्यात पाणी झिरपते. तिथेच खिळा ठोकला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लिंकनच्या शेवटच्या ओळीवर नवे तपकिरी ठिगळ उमटले. मी हळूच भिंग लावून पाहिले. ठिपके नव्हते, डाग अस्सल होता.