आरे-वारेला शीड लावून निघण्याआधी

'60 मिमीची कार्बन चाकं लावा, ताशी 5 किमी वेग फुकट मिळवा. बाजूच्या वाऱ्याला घाबरू नका, रिम शिडासारखी काम करते आणि सायकल पुढे ढकलते. घाटातही फायदा, पावसातही बिनधास्त.' कोकणातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर हे फिरत होतं तोवर मी गप्प होतो. काल रत्नागिरीच्या भाच्याने तेच मला पाठवलं, खाली 'मामा, बुक करू ना?' आता लिहिणं आलं. (60 मिमी ही रिमची उंची, टायरपासून स्पोकांपर्यंतची. ती जास्त असली की रिम 'खोल'.)

आधी ते 5 किमी. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. 25 वरून 30 ला जायचं तर ती 73 टक्के जास्त लागते. या अडथळ्यात सगळ्यात मोठा वाटा तुमच्या अंगाचा, चाकांचा थोडाच. चाकं अदृश्य झाली तरी हिशेब जुळत नाही! कंपन्या वाचलेले वॅट सांगतात ते बहुतेक ताशी 45 च्या आसपासचे. 25 ला त्यातला जेमतेम सहावा हिस्सा उरतो. कोपरं वाकवून जरा खाली झुका, फुकटात जास्त मिळेल.

आता शीड. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. वारा तिरका लागला की खोल रिमचा अडथळा कमी होतो, विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्याने वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात, ते दिसलेलं आहे. पण तिथे सायकल घट्ट धरून ठेवलेली असते. होडीला शीड वेगळं, सुकाणू वेगळं आणि ते धरायला तांडेल. सायकलीचं पुढचं चाक म्हणजे शीडही तेच, सुकाणूही तेच. झोत आला की हँडलच वळतं.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना समुद्र डावीकडे. दुपारी खारे वारे सुटले की तुम्हाला ढकलणार रस्त्याच्या मध्याकडे, जिथून मागची एसटी ओव्हरटेक करत असते. आरे-वारेला डोंगराची आड असेपर्यंत काही कळत नाही. आड सुटली की एकदम थप्पड. एकसारखा वारा सांभाळता येतो, ही थप्पड नाही. हवाईतल्या कोनाला आयर्नमनची (पोहणं, सायकल, धावणं) जागतिक स्पर्धा होते, तिथे वाऱ्यापायी डिस्क चाकांना, म्हणजे थाळीसारख्या पूर्ण बंद चाकांना बंदी, मागच्यासुद्धा. तिथे उतरतात ते कसलेले लोक, हौशी नव्हेत. आमचा भाचा 58 किलोचा, आणि हलक्या माणसाला झोत जास्तच हलवतो. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयनेही 1 जानेवारी 2026 पासून रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत रिमच्या उंचीला 65 मिमीची मर्यादा घातली आहे. म्हणजे मेसेजवाला व्यावसायिक रेसरांच्या मर्यादेला टेकलेली चाकं सगळ्यांना वाटत सुटलाय.

घाटाचं काय सांगू. कुंभार्ली 10-12 च्या वेगाने चढताना कापायला हवा असते कुठे? पावसात ओल्या कार्बनवर रिम ब्रेक, म्हणजे रिमलाच दाबणारा ब्रेक, उशिरा धरतो. डिस्क ब्रेक असेल तर हा मुद्दा सोडा.

मेसेजात नसलेलं एक सांगतो. कार्बनला चिकटलेलं अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत गंजतं. स्पोकच्या निपलांवर (स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट) पांढरी भुकटी दिसायला लागते, आणि चाक सरळ करायला चावी लावली की निपल हातात येतं.

भाच्याला कळवलंय: मागे 50 लाव हवं तर, पुढे 35 च्या वर नको. निपल पितळेचे आहेत का ते विचार. आणि खोल रिमला लागतात त्या लांब व्हॉल्व्हच्या दोन ट्यूबा सोबत ठेव, जयगडला पंक्चर झालास तर दुकानात मिळायच्या नाहीत.