खुलासा: क्लिंगॉनमध्ये ‘नमस्कार’ नाही

‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या विज्ञानकथांच्या मालिका-चित्रपटांमधले क्लिंगॉन हे परग्रहवासी. त्यांच्या भाषेत ‘नुकनेख’ म्हणजे नमस्कार, अशी एक पोस्ट सध्या फिरते आहे. जोडीला ‘कलाकारांनी सेटवर तोंडाला येतील ते आवाज काढले आणि भाषा झाली’ हेही आहे. दोन्ही चूक.

‘नुकनेख’चा अर्थ ‘काय पाहिजे?’ म्हणजे आपल्याकडे सरकारी कचेरीच्या खिडकीतून येतं ना, तेच. ‘काय’ आणि ‘तुला हवं आहे’ अशा दोन शब्दांचं पूर्ण वाक्य आखडून तो झाला. अभिवादनाच्या सर्वांत जवळ जाणारं तेवढंच, म्हणून लोक ते ‘हॅलो’ समजतात. पण हा प्रश्न आहे. तुमच्याकडे कोणी आलं तर तुम्ही विचारायचा. दुसऱ्याच्या दारात स्वतःच जाऊन ‘नुकनेख’ म्हणणं म्हणजे विनोदच. निरोपालाही ‘येतो हं’सारखं काही नाही. बोलणं संपलं की चालू पडायचं. फार तर ‘काप्ला’, म्हणजे ‘यश’!

सेटवरच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. 1979च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातले पहिले मोजके क्लिंगॉन शब्द स्कॉटीची भूमिका करणाऱ्या जेम्स डूहान यांनी सुचवले होते. पण व्याकरण आणि शब्दसंग्रह मार्क ओक्रँड यांचा. ते भाषाशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूलनिवासी भाषेच्या व्याकरणावर त्यांची पीएचडी. 1984च्या तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी डूहान यांचे आवाज पाया धरून भाषा रचली आणि 1985 मध्ये तिचा शब्दकोश काढला. शिष्टाचाराचे शब्द त्यात राहून गेलेले नाहीत. लढवय्या क्लिंगॉन लोकांना गोडगोड बोलण्यात रस नाही, म्हणून ते मुद्दामच ठेवलेले नाहीत.