पंचेचाळिसातले तीन

पोरगं अकरावी-बारावीला असलं की आमच्या गावात एकच प्रश्न असतो, "किती टक्के?" भाचा पुण्याहून दिवाळीला आला की पारावर माझी पंचाईत होते, कारण त्याच्या आयबी डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात, टक्केच नाहीत. सहा विषय, प्रत्येकी 7 गुण, झाले 42. वरचे 3 'कोअर'चे. एकूण 45.

"म्हंजे तीन मार्कासाठी पोट्टं सुट्टीत लॅपटॉप घेऊन बसून राह्यलं?"

हो बाप्पा. कोअरमध्ये एक्स्टेंडेड एसे, थिअरी ऑफ नॉलेज आणि कॅस. पहिल्या दोघांना ए ते ई श्रेणी. दोन्हीत ए, किंवा एक ए आणि एक बी, तरच 3 गुण. दोन्हीत सी आला तर 1. पण एकातही ई आला, तर बाकीचे 42 पैकी 42 असले तरी डिप्लोमा नाही. हे ऐकल्यावर पार थोडा वेळ गप्प होतो.

एक्स्टेंडेड एसे म्हणजे जास्तीत जास्त 4,000 शब्दांचा शोधनिबंध. पोरं पहिला विषय घेतात 'विदर्भातला कापूस'. मार्गदर्शक तो परत पाठवतो. मग जिल्हा, मग तालुका, असं करत विषय आमच्या गावातल्या वेचणीवर येतो: मजुरी किलोवर दिली तर काय होते आणि रोजावर दिली तर काय. इथे खरी गंमत. वेचणीचा भाव शेतकऱ्याला विचारला तर एक, वेचणाऱ्या बायांना विचारला तर दुसरा. दोन्ही लिहायचे आणि फरक का पडला तेही लिहायचं. मार्गदर्शकाचा वेळ सगळा मिळून 3 ते 5 तास, त्यातच तीन ठरलेल्या बैठका, शेवटची तोंडी. परीक्षक 4,000 शब्दांवर वाचायचं थांबतो. निष्कर्ष त्याच्या पुढे गेला, तर तो निघालाच नाही असं समजा.

थिअरी ऑफ नॉलेज म्हणजे आपल्याला जे कळते ते कसं कळते, याचा विषय. त्याचा 1,600 शब्दांचा निबंध सहा ठरलेल्या विषयांपैकी एकावर. तो निमूटपणे लिहिता येतो. घर डोक्यावर घेते ते प्रदर्शन. दिलेल्या 35 प्रश्नांतून एक उचलायचा, त्यातला शब्दही बदलायचा नाही, आणि तीन वस्तूंतून तो दाखवायचा. सगळं मिळून 950 शब्द. प्रश्न घ्या: ज्ञान कशाला म्हणायचं? पहिली वस्तू, आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक. त्यात 24 तासांत 65 मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. नाही भरले, तर वावरातून नाला वाहून गेला तरी कागदावर नुसता पाऊस. दुसरी, बुलडाण्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीच्या पाऊस-पिकाच्या भाकिताचं कात्रण. अक्षय तृतीयेला मांडणी, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत, आणि त्यावर बोलणारे आमच्या पारावर ढिगानं. तिसरी, घरच्या आबाजींची पावसाच्या नोंदींची वही: "आज ओल वीतभर गेली."

पोरं चुकतात ती इथेच. नेटवरून कुठल्याही पर्जन्यमापकाचा फोटो लावतात. तो चालत नाही. वस्तू अमुक ठिकाणची, अमुक माणसाच्या वापरातली लागते, आणि प्रदर्शनासाठी मुद्दाम बनवलेली नको. आबाजींना मात्र वही पुण्याला जाणार याचाच घोर. "परत येईन न रे ते?"

उरलं कॅस: सर्जन, हालचाल, सेवा. याला गुण शून्य, पण पुरं केल्याशिवाय डिप्लोमा नाही. साधारण 18 महिने चालते, समन्वयकाशी तीन मुलाखती, सात उद्दिष्टं, आणि किमान महिनाभराचा एक प्रकल्प, तोही इतरांना सोबत घेऊन. घरच्या वावरात कापूस वेचला तर सेवा होत नाही, ते घरचंच काम. "मंग आमी जलमभर काय केलं?" असं आजी विचारते, त्याला समन्वयकाकडे उत्तर नसावं.

म्हणून वनराई बंधारा, म्हणजे मातीची पोती रचून नाल्याला घातलेला बांध. पावसाळा सरताच, नाल्याला धार असतानाच करायचा. उशीर झाला की अडवायला पाणीच नसते. सिमेंटची रिकामी पोती मातीनं पाऊणच भरायची. गच्च भरली की बसत नाहीत आणि फटींतून पाणी जाते. मग त्यावर चिंतन लिहायचं. "पाठ दुखली" एवढ्यावर भागत नाही, त्यातून कोणतं उद्दिष्ट साधलं ते सांगावं लागते. शिवाय पुरावा हवा. त्यामुळे पोती उचलताना एक जण कायम मोबाइल धरून काठावर उभा असतो, आणि उन्हानं तोच आधी थकतो.